पडदा काळा झाला म्हणजे लॅपटॉप संपला असे नाही



या वेळी दोन पत्रे आम्ही एकत्र घेत आहोत. शिरूरच्या भगिनी लिहितात की, त्यांच्या आठ वर्षांच्या लॅपटॉपचे बटन दाबले की पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. मुलीचे बारावीनंतरचे प्रवेश अर्ज, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रके सगळे त्यातच आहे. दौंडच्या एका बंधूंच्या लॅपटॉपवर उभ्या रेघा दिसतात आणि झाकण हलवले की चित्र थरथरते. दोघांनाही दुकानात एकच उत्तर मिळाले: "डिस्प्ले गेला, नवीनच घ्या, हप्ते करून देतो." व्याजाच्या हप्त्यात पाऊल टाकावे का, हा त्यांचा खरा सवाल आहे. आमचे म्हणणे असे की, आधी दोष कुठे आहे ते ओळखा. त्यासाठी घरातला टीव्ही, एक टॉर्च आणि अर्धा तास पुरेसा आहे.

सर्वप्रथम चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, आणि चालू करण्याचे बटन अर्धा मिनिट दाबून धरा. आत अडकलेली वीज निघून जाते. मग फक्त चार्जर लावून मशीन चालू करा. पुष्कळदा एवढ्यावरच पडदा उजळतो. उजळला नाही तर कॅप्स लॉकचे बटन दाबून त्याचा छोटा दिवा लागतो-विझतो का ते पाहा. लागत असेल तर संगणक जागा आहे, तक्रार फक्त चित्राची आहे. दिवाही लागत नसेल तर दोष पडद्याचा नसून आतल्या मदरबोर्डचा किंवा रॅमचा असू शकतो.

आता खोलीत अंधार करून टॉर्च पडद्यावर तिरका धरा. अंधुक चित्र दिसले तर पॅनेल चित्र तयार करत आहे, फक्त मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, लागत नाही. एलसीडी पडद्याला स्वतःचा प्रकाश नसतो. जुन्या लॅपटॉपमध्ये मागे बारीक ट्यूब असायची, आता एलईडी असतात. पांढऱ्या एलईडीचा पाया असलेल्या निळ्या एलईडीसाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल दिले गेले. दुकानात जाण्यापूर्वी ब्राइटनेसची बटने दाबून पाहा. तो पूर्ण खाली गेलेला असणेही शक्य आहे. लॅपटॉपजवळ चुंबकाचे मोबाइल कव्हर ठेवू नका. झाकण बंद झाल्याचे कळावे म्हणून आत चुंबक ओळखणारा छोटा सेन्सर असतो, तो फसतो आणि पडदा बंद करतो.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा टीव्हीची. एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडा, विंडोजच्या चिन्हाचे बटन दाबून धरून पी दाबा आणि दोन्हीकडे चित्र दाखवणारा पर्याय निवडा. टीव्हीवर स्वच्छ चित्र आले तर मशीन ठीक आहे, दोष पॅनेलचा किंवा केबलचा आहे. टीव्हीवरही त्याच रेघा आल्या तर दोष ग्राफिक्सचा, रॅमचा किंवा ड्रायव्हरचा आहे आणि नवे पॅनेल घालून काही होणार नाही. रेघा चालू करताना कंपनीचे नाव येते तेव्हाच दिसत असतील तर विंडोजला दोष देऊ नका. त्या नंतर येत असतील तर ड्रायव्हर पुन्हा टाकून पाहा.

दौंडच्या बंधूंसाठी खूण स्पष्ट आहे. झाकण हलवल्यावर चित्र बदलत असेल तर संशय आधी डिस्प्ले केबलवर घ्यावा. ही केबल बिजागरीतून जाते, रोज वाकते आणि वर्षांनी आतल्या तारा तुटतात किंवा सॉकेट सैल होते. केबल पॅनेलपेक्षा पुष्कळ स्वस्त असते. झाकण एका कोपऱ्याने ओढू नका, मधोमध धरून उघडा. शिरूरकडची धूळ आणि दौंडच्या गुऱ्हाळांजवळची काजळी पंख्यात बसते, तेव्हा वर्षातून एकदा मशीन साफ करून घ्या. पडदा बोटांनी दाबून रेघा घालवण्याचा प्रयत्न करू नका. टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे: चार्जर काढा आणि मशीन चालू करू नका.

शिरूरच्या भगिनींनी टीव्ही लागताच पहिले काम करावे ते म्हणजे मुलीची सारी कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून घेणे. दुरुस्ती नंतर होईल, प्रवेशाची मुदत थांबत नाही.

मशीन दुकानात देताना दोन गोष्टी लक्षात असाव्यात. पहिली, लॅपटॉप ही अमानत आहे. घरच्यांचे फोटो आणि बँकेची माहिती असेल तर ती आधी काढून घ्या, किंवा खात्यातून बाहेर पडून द्या. कारागिरानेही दुसऱ्याच्या फाइली उघडू नयेत, हे दीनचे साधे शिस्तीचे काम आहे. दुसरी, "केबल आधी तपासा, काढलेला भाग परत द्या" असे सांगा. नवे पॅनेल घेताना जुन्यावरचा मॉडेल नंबर, आकार आणि पिनांची संख्या, ३० की ४०, जुळली पाहिजे.

दोष ग्राफिक्सचा निघाला आणि दुरुस्ती महाग असेल तर जुना पण चांगला लॅपटॉप रोख घेणे आम्हाला हप्त्यापेक्षा बरे वाटते. विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले आहेत, म्हणून विंडोज ११ चालणारेच मशीन पाहा. इंटेलचे असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे. तपासताना वर सांगितलेल्या सर्व परीक्षा दुकानातच घ्या. विकणाऱ्याने ऐब लपवणे जायज नाही, पण घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत.

आणि जुने मशीन भंगारवाल्याच्या हाती तोडायला देऊ नका. खूप जुन्या पडद्यांच्या ट्यूबमध्ये पारा असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे हा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच गेला पाहिजे. वापरण्याजोगे मशीन शेजारच्या गरजू मुलाच्या हाती गेले तर इसराफही टळेल आणि सवाबही मिळेल, इन्शाअल्लाह.