आवाज तेवढा पोहोचू द्या

(द्वितीय वर्ष, कला)

ज्ञानाची गंगा आता घरोघरी पोहोचली आहे, असे आपल्याकडे प्रत्येक समारंभात कोणीतरी म्हणतेच. ती पोहोचली हे खरे. परंतु काही घरांपर्यंत ती थेंबाथेंबाने पोहोचते, हे मात्र कोणी म्हणत नाही. पडद्यावर गोल चक्र फिरत राहते, सरांचे तोंड उघडे ते उघडेच राहते, आणि मग अचानक तीन वाक्ये गाळून चौथे ऐकू येते. ह्या चक्राकडे पाहण्यात आपल्यापैकी किती जणांच्या किती संध्याकाळी गेल्या असतील!

आपले प्राध्यापक तासाचे चित्रण करून ते यूट्यूबवर ठेवतात, ही गोष्ट लहान नव्हे. ज्यांची एस.टी. उशिरा येते आणि ज्यांचा पहिला तास हटकून बुडतो, त्यांना तिचे मोल विचारावे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. घरी शंका विचारावी असे कोणी नाही; तेव्हा जे हुकले ते त्या व्हिडिओतच शोधावे लागते. म्हणूनच तो अडखळला की केवळ करमणुकीचा खोळंबा होत नाही.

अशा वेळी सरसकट ‘नेट नाही’ म्हणून मोकळे होण्याची आपली रीत आहे. ते नेहमीच खरे नसते. व्हिडिओ एकसंध येत नाही, काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतो. मोबाईल पुढचे थोडे तुकडे साठवून ठेवतो आणि त्या साठ्यातून आपल्याला दाखवतो. घरातल्या रांजणासारखेच हे. नळाची धार बारीक असली तरी तांब्याने पाणी घेतले तर रांजण आटत नाही. बादलीने उपसू लागलो की तळ दिसतो. व्हिडिओच्या खालच्या पट्टीवर लाल रेघेच्या पुढे जी फिकट रेघ दिसते, तो हा साठा. लाल रेघ तिला गाठून थांबली, तर दोष नेटचा. पण फिकट रेघ बरीच पुढे आहे, आवाज नीट चालला आहे आणि चित्र तेवढे धक्के खात आहे, तर नेटला बोल लावण्यात अर्थ नाही. जुना मोबाईल दमला आहे असे समजावे आणि मागे उघडी राहिलेली ॲप्स बंद करावीत.

दोन्ही दुखण्यांवर पहिले औषध मात्र एकच: चित्राचा दर्जा उतरवणे. १०८० ह्या दर्जाच्या एका चित्रात सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, तर ३६० मध्ये २ लाख ३० हजार. म्हणजे नवव्या हिश्शाइतके. हाताएवढ्या पडद्यावर फळ्यावरची अक्षरे वाचायला ३६० बहुधा पुरते. १४४ वर अक्षर लागत नाही, पण सर दिसतात. ‘ऑटो’ हा पर्याय वेग पाहून दर्जा आपोआप वरखाली करतो. पण नेट डगमगते असेल तर तो मध्येच वर चढतो आणि अडकतो. म्हणून दर्जा आपल्या हाताने बांधून ठेवलेला बरा. पूर्वी म्हणे व्हिडिओ थांबवून चहा पिऊन आले की तो सगळा भरलेला असे. आता यूट्यूब थोडाच पुढचा भाग आणते, तेव्हा त्या चहाचा उपयोग नाही. त्यापेक्षा पहाटे उठून व्हिडिओ उतरवून घ्यावा. रात्री सारे गाव एकाच टॉवरला लोंबकळत असते. पहाटे पाचला तोच टॉवर बराच मोकळा असतो.

आमच्या वाडीत पाण्याच्या टाकीजवळ रेंज बरी मिळते. संध्याकाळी तिथे जी गर्दी जमते तिला अभ्यासमंडळ म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण अंधार पडल्यावर मुलीने त्या टाकीखाली उभे राहावे, असे कोणत्या घराला वाटेल? ‘रेंज येते तिथे जाऊन बघ’ हा सल्ला देणाऱ्यांनी एवढा विचार जरूर करावा.

आपण विद्यार्थ्यांनी करायचे ते हे एवढेच. माझा मुख्य मुद्दा निराळा आहे, आणि तो मी गुरुजनांपुढे आदरपूर्वक ठेवते. कला शाखेच्या तासात चित्राचे काम किती आणि आवाजाचे किती? गेल्या सत्रात भाषाविज्ञानाच्या तासाला ‘जग’ हा शब्द आला होता. ‘हे जग’ म्हणताना ‘ज’ तालव्य, आणि ‘तू जग’ म्हणताना तो दंत्य. लिहिण्यात फरक नाही. सगळा फरक कानाचा. तो ऐकू येण्यासाठी मागच्या भिंतीचे, पंख्याचे आणि फळ्याच्या चौकटीचे स्पष्ट चित्र कशाला हवे? १०८० च्या चित्राला सेकंदाला साधारण ३ ते ५ मेगाबिट लागतात. बोलण्याचा स्वच्छ आवाज ६४ किलोबिटमध्ये येतो. म्हणजे तासाभराचे व्याख्यान सुमारे २९ एम.बी.त मावते, तेच ४ मेगाबिटच्या चित्रासह १८०० एम.बी. होते. भिंत आणि पंखा पाहण्यासाठी साठपटीहून अधिक भार आपण वाहत आहोत!

सरकारी व्याख्येत ब्रॉडबँडचा किमान वेग २०१३ पासून ५१२ किलोबिट होता, तो जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट झाला. ह्याचा अर्थ, नियमाने ज्याला ब्रॉडबँड म्हणतात त्याच्यावरही १०८० चा तास सुरळीत चालेलच असे नाही; मग मोबाईलच्या एका दांडीवर काय होणार? मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जगभर नेटवर ताण आला, तेव्हा खुद्द यूट्यूबने व्हिडिओचा मूळ दर्जा साध्यावर आणला होता. करमणुकीची सोय करणाऱ्यांना जे सुचले, ते शिकवणाऱ्यांना सुचू नये काय?

ह्यावर माझी एक मैत्रीण म्हणते, की शिक्षकांचा चेहरा दिसला नाही तर लक्ष लागत नाही. तिचे म्हणणे मी उडवून लावत नाही. भूगोलाचे नकाशे, नाटकाचा प्रयोग, इतिहासातील नाणी ह्यांना चित्र हवेच. तिथे व्हिडिओ राहू द्यावा; नाहीतरी मी तो काढून टाका म्हणत नाही. त्याच्या शेजारी त्याच तासाची ध्वनिफीत आणि फळ्याचे दोन फोटो ठेवावेत, एवढेच मागणे आहे. दुसरे काही जण म्हणतात, थांबा, लवकरच सगळीकडे वेगवान नेट येईल. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. तेव्हा मी बालवाडीतही गेले नव्हते. आता द्वितीय वर्षात आहे आणि टाकीखालची गर्दी तशीच आहे.

आपल्या ग्रंथालयातील संगणकावर साऱ्या तासांच्या ध्वनिफिती एका फोल्डरमध्ये ठेवल्या, आणि विद्यार्थ्यांना त्या मोबाईलमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर घेऊ दिल्या, तर नेटचा प्रश्नच उरत नाही. ह्याला नवे यंत्र लागत नाही की अनुदान लागत नाही. आठवड्यातून अर्धा तास बसणारा एक विद्यार्थी लागतो. तो अर्धा तास द्यायला मी तयार आहे. भाषाविज्ञानाचे उरलेले तास जरी परीक्षेपूर्वी असे मिळाले, तरी आमच्या मार्गावरच्या सात-आठ जणी ते परतीच्या एस.टी.तच ऐकू शकतील.