तात्पर्य पाठ करून घेऊ नका

अवसरी बुद्रुक असो की आंबेगाव तालुक्यातलं दुसरं कुठलंही गाव, प्राथमिक शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष, सुविचार. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रातल्या शाळांत मूल्यशिक्षण आलं, तेव्हा वक्तशीरपणापासून श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, संवेदनशीलतेपर्यंत दहा मूल्यं ठरली. पोरांना ती घडाघडा म्हणता येतात. मग मराठीचा तास लागतो आणि मूल्यं मैदानातच राहतात. खरं तर त्यांची जागा याच तासात आहे.

ही मागणी जुनी आहे. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं, हे नेमकं मांडलं होतं. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, शेतीची प्राथमिक माहिती आणि त्यांच्याबरोबर नीती व आरोग्याचे थोडे धडे. खेड्यातला अभ्यासक्रम शहरापेक्षा आटोपशीर असला तरी चालेल, पण तो व्यवहारात कमी उपयोगाचा नसावा, हा त्यांचा आग्रह होता. नीती त्यांनी शेतीच्या आणि अक्षरओळखीच्या शेजारी बसवली, हे महत्त्वाचं.

पुढे 1930 च्या दशकात आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने क्रमिक पुस्तकातला रुक्ष उपदेश बाजूला सारून मुलांना रमवणारी मराठी वर्गात आणली. तरीही आज पाठ संपला की स्वाध्यायात तोच प्रश्न येतो: या पाठातून कोणता बोध मिळतो? उत्तर ठरलेलं असतं. ‘नेहमी खरे बोलावे.’ मूल ते लिहितं, गुण मिळतात, आणि खरं बोलणं कधी अवघड जातं यावर वर्गात कुणी अक्षरही काढत नाही.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तला पोहण्याचा प्रसंग घ्या. पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला आई फोकाने मारते आणि विहिरीवर पाठवते. ‘आईचं ऐकावं’ एवढं लिहून हा पाठ संपवता येतो. पण वर्गाला विचारलं, की मारणं बरोबर होतं का, श्यामने आधी भीती बोलून दाखवली असती तर काय झालं असतं, तर तिसरी-चौथीतली पोरं वाद घालतील. वाद घालताना त्यांना शब्द लागतील, कारण द्यावं लागेल, दुसऱ्याचं पूर्ण ऐकावं लागेल. भाषा आणि नीती इथे एकदमच शिकली जातात.

आंबेगावला तर साहित्य शोधायला दूर जावं लागत नाही. बाबू गेनू सैद याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा. मुंबईत गिरणी कामगार झालेला हा तरुण 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचं नाव आहे. ट्रकच्या देशी चालकाने गाडी पुढे न्यायला नकार दिला आणि गोऱ्या सार्जंटने स्टीअरिंग हाती घेतलं, अशी हकिगत सांगितली जाते. मुलांना तारीख विचारायची की चालकाच्या मनात काय चाललं असेल, हे पाच ओळींत लिहायला सांगायचं? हुकूम मोडणारा तो माणूस देशभक्तीच्या दहा सुविचारांपेक्षा जास्त शिकवून जाईल.

दुसरा विषय उसाचा. भीमाशंकर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की या भागात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. त्यांची मुलं हंगामापुरती शाळेत आली, तर त्यांची बोली वेगळी असते आणि वर्गात हशा पिकतो. श्रमप्रतिष्ठा आणि सौजन्य यांची परीक्षा त्या क्षणी होते. शिक्षकाने त्याच मुलाला त्याच्या गावाकडची गोष्ट त्याच्या बोलीत सांगायला लावली, तर तो तास कोणत्याही सुविचाराहून मोलाचा ठरेल. उसात दबा धरणाऱ्या बिबट्याचंही तसंच. या पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यांत लेकरं गेली आहेत. जखमी बिबट्यांना माणिकडोहच्या निवारा केंद्रात जपलंही जातं. ही भीती आणि ही दया एकाच निबंधात मांडायला मुलांना शिकवणं सोपं नाही, म्हणून तर ते शाळेत शिकवायला हवं.

भाषेच्या तासातून नीती शिकवण्यात एक धोका आहे. चीनमध्ये 2017 पासून भाषा, इतिहास आणि नीती-कायदा या विषयांची पाठ्यपुस्तकं देशभर एकसारखी केली गेली. भाषेच्या धड्यांतून संस्कार, हे तिथलं जाहीर धोरण. पण कोणते संस्कार, हे सरकार ठरवतं. मराठीचा तास तसा होता कामा नये. मूल पुस्तकाशीही असहमत होऊ शकलं पाहिजे. महाराष्ट्रात याचा एक चांगला धडा आहे. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्या पाचशे जिल्हा परिषद शाळांत सुरू केलेला ‘मूल्यवर्धन’ उपक्रम संविधानातल्या मूल्यांवर उभा आहे आणि त्यात उपदेशाऐवजी जोडीतल्या, गटातल्या कामावर भर आहे.

शिक्षकांवर कामाचं ओझं आहे, हे खरं. म्हणून नवा तास, नवं रजिस्टर, नवा अहवाल नको. शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दर महिन्याला मराठीचा एक पाठ निवडावा, त्यावर वर्गात विचारायचे दोन खुले प्रश्न शिक्षकांनी मिळून काढावेत, आणि चाचणीतून ‘बोध लिहा’ हा प्रश्न येत्या सत्रापासूनच वगळावा.