एक फोन, पाच हात

गेल्या महिन्यात आम्ही नववीच्या मुलांना एक साधा गृहपाठ दिला. घरच्या मोबाईलवर शोधाच्या चौकटीत ‘कल्याण’ एवढेच लिहायचे आणि खाली काय काय सुचवले जाते ते वहीत उतरवून आणायचे. दुसऱ्या दिवशी वर्गात वाचन सुरू झाले. एकाकडे लोकलचे वेळापत्रक, एकीकडे दागिन्यांचे दुकान, एकीकडे राग कल्याण. एक मुलगा मात्र उठेना. आम्ही वही मागितली. त्यात लिहिले होते, ‘कल्याण मटका, आजचा आकडा’. फोन त्याच्या मामूंचा होता.

आम्ही वही मिटून परत दिली. चूक त्या मुलाची नव्हती, आमची होती. एका घराचा पडदा आम्ही नकळत भर वर्गात बाजूला केला होता.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००१ साली सहकाऱ्यांसह एक लेख लिहिला होता. पुढच्या काळातील वेबला शब्दच नव्हे तर अर्थही कळेल, आजारी आईसाठी दवाखाना आणि वेळ ती स्वतः शोधून देईल, असे ते चित्र होते. डिसेंबर २००९ पासून गूगलने, खाते न उघडणाऱ्यांनाही मागील १८० दिवसांचे शोध पाहून वेगवेगळी उत्तरे द्यायला सुरुवात केली. आता तर बोलणारी यंत्रे आधीचे संभाषणही लक्षात ठेवू लागली आहेत.

याचा फायदा आहेच. मुंब्र्यात रात्री औषध हवे असेल, तर जवळचेच दुकान दिसलेले बरे. पण या साऱ्या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: एक माणूस, एक फोन. आमच्याकडे फोन एक आणि हात पाच. अब्बांच्या शोधाची सावली मुलीच्या प्रश्नावर पडते. तिने ‘दहावीनंतर काय’ असे विचारले, तर उत्तर तिच्या हुशारीवर न ठरता घरात आधी काय शोधले गेले त्यावर ठरू शकते. आणि दुसरी वाट होती, हे तिला कधी कळतही नाही.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास, काही अपवाद सोडून, मनाई केली आहे. पण फोन मामूंच्या नावावर असेल, तर हातात कोण आहे हे यंत्राला कसे कळावे?

म्हणून भगिनींनो, दोन कामे आजच करा. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन जुने शोध पुसा आणि ते तीन महिन्यांनी आपोआप पुसले जातील अशी सोय लावा. दुसरे, मुलांच्या शिक्षणाचा किंवा आजारपणाचा प्रश्न असेल, तर तो दोन वेगळ्या फोनवर विचारा आणि मग एखाद्या जाणत्या माणसालाही विचारा.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. तिथले कपाट समोर कोण उभा आहे हे पाहून पुस्तके लपवत नाही.

त्या मुलाला आम्ही आता तिकडेच पाठवतो. पुढचा गृहपाठ वाचनालयातून आणायचा आहे, सगळ्या वर्गाने.