नाव देणारी सत्ता

हुकूमशाही माणसाचे तोंड बंद करते, हे सर्वज्ञात आहे. इतिहासाच्या अभ्यासात मला तिचे दुसरे कार्य अधिक घातक वाटत आले आहे. ती वस्तुस्थितीला सोयीचे नाव देते आणि ते नाव जनतेच्याच मुखातून वदवून घेते.

गोमंतकाचे उदाहरण घ्यावे. सालाझारच्या राजवटीत तेथील वृत्तपत्रे सेन्सॉरखाली होतीच. साधी लग्नपत्रिका छापण्यासही सरकारी मंजुरी लागे. १९५१ मध्ये पोर्तुगालने राज्यघटनेत दुरुस्ती करून आपल्या वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ हे नाव दिले. पोलीस तेच, तुरुंग तेच, लिस्बनहून आलेला गव्हर्नर जनरल तोच. बदलली ती पाटी. पुढे संयुक्त राष्ट्रांत पोर्तुगाल सांगू लागला की, आपल्याकडे वसाहतीच नाहीत! १९६० मध्ये आमसभेने हा दावा अमान्य करून गोव्याची गणना स्वशासन नसलेल्या प्रदेशांत केली.

परंतु खुद्द गोव्यातील माणसापर्यंत सत्य पोचवणार कोण? नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेलगतच्या जंगलातून गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत त्यांचा आवाज थांबला नाही. पावसाळ्यातले रान म्हणजे काय, हे कोरपन्याच्या वाचकांना सांगावयास नको.

असे केवळ परकीय सत्ताच करते, असे मानू नये. १९७५ च्या आणीबाणीत बातम्या छापण्यापूर्वी तपासल्या जात आणि त्या कालखंडाला ‘अनुशासन पर्व’ म्हणून गौरवले गेले. आपल्या समाजाने तर इतरांनी लादलेली नावे पिढ्यान्‌पिढ्या वाहिली. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढले आणि १९३८ मध्ये ‘हरिजन’ या नावाच्या निषेधार्थ मुंबई विधिमंडळातून सभात्याग केला. आपले नाव आपण ठरवणे, हा स्वाभिमानाचा पहिला अधिकार आहे.

आज प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या खिशात मोबाईल आहे. एखादा मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी त्याने तीन प्रश्न विचारावेत: हे नाव कोणी दिले? कोणाच्या सोयीसाठी दिले? याला पुरावा काय? शाळेत पाठ केलेल्या सनावळ्या विसरल्या तरी चालतील. हे प्रश्न विचारण्याची सवय मोडली, तर मात्र आम्ही शिक्षकांनी शिकवलेला इतिहास वाया गेला, असे समजावे.