सीडी टाका, कॅसेट ठेवा

दिवाळीच्या साफसफाईत माळा उपसला की लग्नाची कॅसेट हमखास हाती लागते, आणि घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, 'हिची सीडी केलीय ना आपण? मग द्या की भंगारात.' माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. सीडी भंगारात द्या, कॅसेट ठेवा.

गल्लोगल्ली 'कॅसेटची सीडी करून मिळेल' अशा पाट्या लागल्या होत्या, तो काळ आठवा. त्या दुकानांतून मिळायची ती बहुतेक व्हीसीडी. आपल्याकडच्या पाल या व्हिडिओ पद्धतीत चित्राच्या 576 ओळी दिसतात आणि सेकंदाला 50 अर्धी चित्रं पडद्यावर येतात, म्हणून हालचाल सलग वाटते. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 एवढंच. म्हणजे ओळी निम्म्या गेल्या, हालचालही निम्मी गेली, आणि उरलं ते कोंबून बसवलं. वरातीत नाचणारी मंडळी चौकटी-चौकटींची दिसतात ती त्यामुळे. बिचाऱ्या शूटिंगवाल्याचा त्यात दोष नाही. कॅसेटवर त्यापेक्षा पुष्कळ काही अजून शिल्लक आहे.

ते काढायचं तर व्हीसीआर हवा. फुनाई या जपानी कंपनीने जुलै 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. ती या धंद्यातली शेवटची मोठी कंपनी. तेव्हा आता जुनाच शोधायचा, आणि घेतल्यावर आधी त्याचं हेड साफ करायचं. कोरी नोट घालून हेड पुसण्याचा आपला जुना उद्योग कृपया विसरा. झाकण उघडलं की आत तिरका बसवलेला चकचकीत ड्रम दिसतो. त्याच्या कडेला बसवलेले बारीक तुकडे म्हणजे हेड. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला, धागे न सुटणारा कपडा ड्रमला नुसता टेकवून धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून सावकाश फिरवायचा. कपडा वर-खाली घासला की हेड तुटलंच म्हणून समजा. कान साफ करायच्या काड्याही नकोत, त्यांचा कापूस हेडात अडकतो.

कॅसेटची खिडकी उजेडात धरून बघा. फितीच्या गुंडाळीवर पांढरट पूड किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. कोकणात, मुंबईत, दमट हवेत कुठेही ती लागते. अशी कॅसेट मशीनमध्ये घालू नका. हेड तर खराब होईलच, पुढच्या कॅसेटलाही प्रसाद मिळेल. ती जाणकाराकडे द्या. चांगली असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली फीत सारखी होते. कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची खिटी मोडलेली नसेल तर मोडून टाका, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. आणखी एक करा, मामाकडे किंवा आत्याकडे त्याच लग्नाची प्रत आहे का विचारा. मुलीच्या माहेरची कॅसेट पाहुण्यांना दाखवून दाखवून झिजलेली असते; आत्याची कपाटात तशीच पडून असते.

आता जोडणी. पिवळी वायर चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. त्या कॉम्प्युटरला लावलेल्या यूएसबी कॅप्चर कार्डात घालायच्या. अँटेनाच्या वायरने जोडलं तर चित्र नाहक बिघडतं. सॉफ्टवेअरमध्ये पाल निवडलंय ना, ते आधी पाहा. एनटीएससी ही अमेरिकी पद्धत राहिली तर चित्र काळं-पांढरं होतं किंवा गडगडत राहतं. अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेली कॅसेट मात्र एनटीएससीच असणार, तिला ते चालवणारा व्हीसीआर लागेल. बाकी इथे घाई करून उपयोग नाही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात, आणि तेवढा वेळ त्या कॉम्प्युटरवर दुसरं काही करू नका, नाहीतर मधल्या फ्रेम गळतात आणि पाठवणीपर्यंत रडणं आणि आवाज वेगवेगळे होतात.

नवखे घसरतात ते यानंतर. त्यांना थेट डिस्कच हवी असते. माझा आग्रह असा की आधी मोठी, कमीत कमी दाबलेली फाइल करा. डीव्ही पद्धतीत तासाला साधारण 13 जीबी लागतात. आजच्या हार्ड डिस्कला ते काहीच नाही. ही फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, दुसरी शक्यतो दुसऱ्या घरी. डीव्हीडी बनवायची ती या फाइलवरून, ज्येष्ठांना आपल्या प्लेअरवर बघता यावी म्हणून.

साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावतात. त्यात एक तास उत्तम बसतो, दोन तास बरे, तीन तास कोंबले की आपण पुन्हा व्हीसीडीच्या वाटेला लागलो. तीन तासांच्या लग्नाला दोन डिस्क लागल्या तर लागू द्या. एमपीफोर फाइल नुसती डिस्कवर कॉपी केली तर जुना प्लेअर ती ओळखत नाही. डीव्हीडीस्टायलरसारख्या फुकट सॉफ्टवेअरने रीतसर डीव्हीडी बनवावी लागते. त्यात सीमांतपूजन, मंगलाष्टका, सप्तपदी असे भाग पाडता येतात. अर्ध्या चित्रांचा क्रम उलटा पडला तर हलणारी माणसं पुढे-मागे थरथरतात; तसं दिसलं तर तेवढं सेटिंग बदलून पुन्हा बनवा. डिस्क कमी वेगाने लिहा आणि वर कागदी लेबल चिकटवू नका. अशा डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि तो कालांतराने उतरतो, म्हणून सगळी भिस्त तिच्यावर ठेवायची नाही.

जाता जाता एक तक्रार. त्या काळच्या मिक्सिंगमध्ये मूळ आवाज पुसून वर सिनेमाची गाणी चढवायची फार हौस होती. बदामाच्या चौकटीत नवरा-नवरी फिरताहेत आणि आजी काहीतरी बोलतेय, पण ऐकू येतंय ते गाणं. ते आता परत येत नाही. दोन गाण्यांच्या मधे चुकून राहिलेले चार-दोन सेकंद मात्र सापडतात. ते नको असलेली खरखर समजून कापू नका.

हे सगळं झेपणारं नसेल तर दुकानात द्या, काही बिघडत नाही. फक्त 'डीव्हीडी करून द्या' म्हणू नका, मोठी फाइल हार्ड डिस्कवर मागा. शेवटची दहा मिनिटं तिथेच लावून ओठ आणि आवाज जुळतात का पाहा, आणि कॅसेट हातात परत आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.

— खटपट्या