अपंगांचा प्रश्न दयेचा नव्हे

मे २०२२ मध्ये रांचीच्या विमानतळावर एका खाजगी कंपनीने एका अपंग मुलाला विमानात चढू दिले नाही. मुलगा बिथरला आहे, इतरांना त्याच्यापासून धोका आहे, ही कंपनीची सबब. सहप्रवासी मुलाच्या बाजूने उभे राहिले, देशभर संताप उसळला आणि सरकारने कंपनीला ५ लाखांचा दंड केला. विमानाचे तिकीट परवडणाऱ्या कुटुंबाची ही गत, तर एस.टी.च्या पायरीशी ताटकळणाऱ्या अपंग शेतमजुराची काय कथा? त्याच्या अवहेलनेची बातमी होत नाही आणि दंडही कोणाला होत नाही.

कायदा नाही, असे नव्हे. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा किमान ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर नेल्या. चारचौघांत अपंगाचा हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्यास ६ महिने ते ५ वर्षे कारावास सांगितला. परंतु त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात, भेदभाव 'वैध उद्दिष्टा'साठी प्रमाणशीर असल्याचे दाखविता आले तर तो क्षम्य, अशी पळवाटही ठेवली. इमारती सुगम करण्याचे नियम इतके शिफारशीवजा होते की नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते कायद्याशी विसंगत ठरवून बंधनकारक नियमांसाठी तीन महिन्यांची मुदत द्यावी लागली.

राज्यकर्त्यांनी मात्र सोपा मार्ग शोधला. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचविला. त्याच केंद्र सरकारचे निवृत्तिवेतन, तेही दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के अपंगत्व असलेल्यास, २०१२ पासून दरमहा ३०० रुपयेच आहे. राज्ये भर घालतात. केंद्राचा आकडा हलत नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा चाकाच्या खुर्चीवरही ५ टक्के कर बसला. नावात देवत्व द्यायचे आणि ताटातली भाकर नाकारायची, ही रीत ज्यांना 'हरिजन' म्हटले गेले त्यांच्या चांगलीच परिचयाची आहे.

२०११ च्या जनगणनेत अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली. त्यांपैकी काम करणारे सुमारे ३६ टक्के. मुले व वृद्ध वगळले तरी मोठा वर्ग उरतो. तो काम करू शकत नाही म्हणून बेकार नाही. नफ्याच्या हिशेबात न बसणारे शरीर ही व्यवस्था बाहेर टाकते. यंत्राने ज्याचा हात नेला, त्यालाही ती उद्या याच रांगेत बसविते. 'देश गरीब आहे, उतरंडी आणि लिफ्ट कोठून परवडणार?' असे विचारणाऱ्यांनी माणसे घरात कोंडून ठेवण्याची किंमत कधी मांडली आहे काय?

हा जाब सरकारला विचारताना चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. किती कामगार संघटनांच्या मागणीपत्रकांत अपंगांचे कलम असते? किती पक्ष कार्यालये जिना चढून गाठावी लागतात? समतेच्या सभेला अपंग कार्यकर्त्याला चौघांनी उचलून न्यावे लागते, तेव्हा वर होणारे भाषण खालीच खोटे ठरलेले असते. पुढची सभा तळमजल्यावर घेण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.