गडाभोवतीची वाट कुणाच्या मालकीची?

1674 साल. जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. त्याच्या थोडंच आधी, मे महिन्यात, फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजेनं बेझांसाँ हे शहर आणि त्याच्या डोक्यावरचा गड जिंकला. त्या वेढ्यात वोबाँ नावाचा इंजिनिअर होता. पुढं त्यानंच हा गड नव्यानं बळकट केला. वोबाँचा जन्म 1633 चा, म्हणजे महाराजांच्या बरोबरीच्याच पिढीतला माणूस.

हे आज का सांगतोय? 2008 साली वोबाँच्या किल्ल्यांची बारा ठिकाणं युनेस्कोच्या यादीत गेली. बेझांसाँ त्यातलंच एक. जुलै 2025 मध्ये आपले बारा किल्ले त्याच यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आपण फटाके वाजवले, स्टेटस ठेवले. वाजवायलाच पाहिजे होते. पण तिकडचे लोक या रस्त्यावर आपल्यापेक्षा सतरा वर्षं पुढं आहेत. त्यांनी काय केलं हे बघायला विमानाचं तिकीट लागत नाही. नकाशा वाचता आला तरी पुरे.

बेझांसाँची जागा बघा. दू नावाची नदी शहराला घोड्याच्या नालासारखा वळसा घालते. नालाचं तोंड जिथं उघडं राहतं, तिथं डोंगर उभा. या जागेचं वर्णन रोमच्या सीझरनं दोन हजार वर्षांपूर्वी करून ठेवलंय. डोंगरावर गड, खाली जुनं शहर आणि आजूबाजूला टेकड्या. या टेकड्यांवरून पायवाटा फिरतात. शहरातून निघायचं, चढायचं, कड्यावरून नदीचा वळसा बघायचा आणि दुसऱ्या अंगानं परत खाली यायचं. आल्या वाटेनं परतायची गरज नाही.

या फेऱ्यात काय काय भेटतं? गडाच्या पायथ्याला रोमन काळातली कमान, पोर्त न्वार. तिला लागूनच कॅथेड्रल. नदीकाठी रिवोत दरवाजा. नदीपलीकडं शोदानची टेकडी. तिथं उभं राहिलं की अख्खं शहर आणि समोरचा गड एका नजरेत येतो. खुद्द गडावर दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी शंभरच्या आसपास क्रांतिकारकांना गोळ्या घातल्या, त्यांचं स्मारक आहे. दोन हजार वर्षांचा इतिहास माणूस दिवसभरात स्वतःच्या पायांनी वाचून काढतो.

आता मुद्द्याचं. ही वाट टिकली कशी? आपोआप? अजिबात नाही.

फ्रान्समध्ये 1947 पासून स्वयंसेवक वाटांवर रंगाच्या खुणा करत आलेत. लांब पल्ल्याच्या वाटेला पांढरा-लाल पट्टा, छोट्या गोल फेऱ्याला पिवळा. चुकीच्या फाट्यावर फुली. एक डबा रंग आणि एक ब्रश. पण नुसत्या रंगानं वाट वाचत नाही. 1983 साली त्यांनी कायदा केला. प्रत्येक जिल्ह्यानं पायी फिरायच्या वाटांची यादी तयार करायची. गावची वाट, म्हणजे आपल्या पाणंदीची बहीणच म्हणा, त्या यादीत घ्यायची तर गावच्या कौन्सिलनं ठराव करायचा. आणि एकदा ती यादीत गेली, की गावाला ती अशीच विकता येत नाही. वाट सलग ठेवावी लागते, नाहीतर बदली वाट द्यावी लागते. तसं केलं नाही तर व्यवहारच रद्द!

परत वाचा. व्यवहार रद्द.

आता आपल्याकडं बघू. गडाचं नाव निघालं की पहिली मागणी काय? दरवाजापर्यंत डांबरी. दुसरी, रोपवे. तिसरी, सेल्फी पॉइंट आणि पेव्हर ब्लॉक. गडाला वळसा घालणारी जुनी वाट, मेटावरची, चौकीची, पाण्याच्या टाक्याकडची, ती कुणाच्या मागणीपत्रात असते? ती जाते झुडपात, कुंपणात, नाहीतर कुणाच्या तरी फार्महाऊसच्या गेटमागं. युनेस्कोच्या यादीतल्या आपल्या नोंदीचं नाव काय आहे? मराठा लष्करी भूप्रदेश. नुसता बुरुज आणि दरवाजा नव्हे, सगळा मुलूख. मग मुलूख बघायची वाट कुठाय?

कुणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसांनी गड बघायचाच नाही का? बघायचा की! बेझांसाँच्या गडावरही गाडीरस्ता जातो, बस जाते. तिला माझा विरोध नाही. पण त्या बससाठी टेकड्यांवरच्या वाटा पुसून टाकल्या नाहीत. दोन्ही राहू शकतं. आपल्याकडं एकच राहतं, आणि ते कुठलं हे सांगायला नको.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. त्यावर सरळ हिशेब करा. गाडीनं दरवाजापर्यंत गेलेला माणूस तासाभरात फोटो काढून महामार्गावरच्या हॉटेलात जेवतो. गडाला पायी वळसा घालणारा दिवसभर इथंच असतो. तो पिठलं-भाकरी इथं खातो, ताक इथं पितो, जमलं तर मुक्कामही करतो. पैसा कुठं थांबतो?

आणि फ्रान्स म्हणजे स्वर्ग, असंही मी म्हणत नाही. बेझांसाँच्या त्याच गडात चक्क प्राणिसंग्रहालय थाटलंय, त्यावरून तिथंही भांडणं झाली. 2023 साली तिकडं नवा कायदा आला. जंगलातल्या कुंपणांना त्यानं लगाम घातला, पण सोबत खासगी जंगलात शिरणाऱ्याला दंडही लावला. लगेच शार्त्रूझच्या डोंगरात बंदीच्या पाट्या लागल्या आणि गिर्यारोहक रस्त्यावर उतरले. धडा एकच. पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट कागदावर नसेल, तर एक पाटी तिला संपवते. तिकडंही आणि इकडंही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक गडाची भोवतालची वाट मोजा. गाव नकाशावर दाखवा. ग्रामसभेत ठराव घ्या. वाटेवर खुणा करा, टाकी, शिलालेख, मेटं यांच्याजवळ चार ओळींची साधी पाटी लावा. याला कोट्यवधींचं टेंडर लागत नाही. कदाचित म्हणूनच ते होत नसावं.

पोस्ट आवडली तर अंगठा नका दाखवू. येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि एकच प्रश्न विचारा, "आमच्या गडाची वाट नकाशावर आहे का?" उत्तर काय मिळालं ते खाली कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा. यादी मी करतो.